कोंबडा अंड्यांसाठी नसतो

परसातल्या कोंबड्यांविषयी एक मजकूर मोबाइलवर सतत फिरत असतो. त्यातले दावे थोडक्यात असे: दहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आणून मोकळे सोडा. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडं देत नाही. त्याच्या संगतीतली अंडी जास्त ताकदीची. रोज दहा अंडी मिळतात, खाद्याला पैसा लागत नाही, गावठीला रोग होत नाही, आणि घार-मुंगसाकडे कोंबडा बघून घेतो. यावर विसंबून लोक खरोखर पक्षी आणतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत खुराडं रिकामं होतं. म्हणून एकेक दावा तपासू.

"कोंबडा नसेल तर अंडं नाही." हे साफ चूक आहे. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वयात आली की कोंबडा असो-नसो, अंड्यावर येतेच. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले जवळजवळ 20 तास कवच चढण्यात जातात. या कामात कोंबड्याचा काही वाटा नाही. अंड्यांसाठी चालणाऱ्या मोठ्या शेडमध्ये एकही कोंबडा ठेवत नाहीत. अंडी थांबली तर कारणं दुसरीकडे शोधा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो आणि अंड्यांना साधारण 14 तास उजेड लागतो. पक्षी पिसं गाळत असेल, खुडूक (अंडी उबवायला) बसला असेल किंवा उन्हाने धापत असेल, तरीही अंडी बंद होतात. आणि पुष्कळदा कोंबडी घालत असतेच, पण कुंपणात किंवा कडब्याच्या गंजीत. दोन दिवस सकाळी दहापर्यंत कोंडून ठेवा, लगेच कळेल.

"कोंबड्याची अंडी ताकदीची." खाण्याच्या दृष्टीने काही फरक नसतो. बलकाचा रंग आणि चव खाद्यावर ठरते. ओळखायचं असेल तर अंडं बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघा. फलित अंड्यात तो गोल, कडेला कडं असलेला दिसतो, तीन-चार मिलिमीटरचा. अफलित अंड्यात तो लहान, घट्ट आणि वेडावाकडा असतो. बलकावरचा रक्ताचा थेंब म्हणजे मात्र पिल्लू नव्हे. बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटली की तो येतो, आणि कोंबडा नसलेल्या घरीही येतो.

उलट फलित अंड्याची काळजी जास्त घ्यावी लागते. साधारण 20-21 अंशांखाली गर्भाची वाढ थांबून राहते, त्याहून गरम जागी ती सरकू लागते. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या टोपलीत ठेवलेलं अंडं तीन-चार दिवसांत रक्ताचं कडं धरतं आणि मग खराब होतं. कोंबडा असेल तर उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला आणि माठाशेजारी गार जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

"रोज दहा अंडी." गावठी कोंबडी 10 ते 15 अंडी घालून खुडूक बसते. पिल्लं फिरवून पुन्हा अंड्यावर यायला तिला दोन-तीन महिने लागतात. वर्षाला 50 ते 80 अंडी धरा. दहा कोंबड्यांची सरासरी 60 धरली तर वर्षाची 600, म्हणजे दिवसाला दोनसुद्धा नाहीत. वनराजा, ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या कोंबड्या जास्त अंडी देतात, पण त्या क्वचितच खुडूक बसतात, त्यामुळे पिल्लांसाठी गावठी कोंबडी किंवा उबवणीचं मशीन लागतंच.

"खाद्य फुकट." पावसाळ्यात किडे, गवत, सांडलेलं धान्य यांवर पुष्कळ भागतं, मार्चनंतर नाही. संध्याकाळी पक्ष्यामागे 40 ग्रॅम धान्य धरलं तरी 11 पक्ष्यांना महिन्याला 13 किलो होतं. शिवाय कवचासाठी शिंपल्यांचा चुरा हवा. तो खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी लागेल तेवढा खाते. कोंबड्याला त्याची गरज नसते आणि जास्त कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडांना बाधतं.

"गावठीला रोग नाही." सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय. गावठी पक्षी ऊन आणि उपासमार सोसतो, मानमोडी सोसत नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, चोच उघडून श्वास, मग पाय-पंख लुळे आणि मान पिळलेली. आठवड्याभरात वस्तीतले बहुतेक पक्षी जातात, आणि आजारी पडल्यावर औषध नाही. फक्त लस आहे: पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी या राणीखेतच्याच दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस वेगळ्या दिवशी. पुढच्या मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा.

लस फसते ती बहुधा हाताळणीत. ती 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. दहा पक्ष्यांसाठी कोण आणणार, म्हणून ती राहूनच जाते. वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवला तर एका कुपीत अख्खी वाडी होते. दुसरी चूक नव्या कोंबड्याची: आठवडी बाजारातून आणून त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडतात, आणि तोच रोग घेऊन येतो. त्याला किमान तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांवर ठेवा. मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

"कोंबडा राखण करतो." यात थोडं तथ्य आहे. वर घार किंवा शिक्रा दिसला की तो एक लांबट, बारीक आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपाखाली दबून बसतात. जमिनीवर मांजर-मुंगूस दिसलं तर आवाज तुटक, तीक्ष्ण आणि पुन्हा पुन्हा येतो. पण अंधारात त्याला काही दिसत नाही, आणि उदमांजर, रानमांजर रात्रीच येतात. तिथे राखण करते ती जाळी. षटकोनी घरांची पातळ जाळी पिल्लं आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीत पुरा आणि दाराला फिरवून बसणारी कडी ठेवा, नुसता खटका नको.

मग कोंबडा ठेवायचा कशासाठी? पिल्लांसाठी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. तीन-चार कोंबड्यांत एक सोडला की त्यांच्या पाठीची पिसं जातात, कातडी उघडी पडते आणि नख्यांनी फाटते. कोंबडा बदलला तरी आधीच्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून नव्याची पिल्लं हवी असतील तर तीन आठवडे थांबून मगच अंडी साठवा. सात दिवसांच्या आतली 10-12 अंडी खुडकीखाली ठेवा आणि सातव्या रात्री टॉर्चवर तपासा: लाल जाळं दिसलं तर गर्भ धरलाय, स्वच्छ दिसलं तर अंडं काढून घ्या. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात आणि त्यांतले साधारण निम्मे नर असतात. पाचव्या महिन्यात ते एकमेकांचे तुरे फोडू लागतात, त्याआधीच जास्तीचे विका. घरचाच नर मात्र पुढे ठेवू नका. दीड-दोन वर्षांनी लांबच्या गावातला, लस झालेला कोंबडा आणा. नाहीतर बाप-लेकींच्या जोड्यांतून अंडी कमी फुटतात आणि पिल्लं अशक्त निघतात.