इंजिनएक्सचा अख्खा ब्लॉक दोनदा लिहायची काही गरज नाही

सध्या एक सल्ला जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय की इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये साध्या एचटीटीपी (पोर्ट ८०) आणि एनक्रिप्टेड एचटीटीपीएस (पोर्ट ४४३) साठी दोन पूर्ण सर्व्हर ब्लॉक, म्हणजे कॉन्फिग फाईलमधले साईटच्या सेटिंगचे भाग, लागतातच, म्हणून पोर्ट ८० चा ब्लॉक कॉपी करा, ४४३ करा, सर्टिफिकेट जोडा, झालं. सोबत कारणंही दिलीयत, ती एकेक बघू.

"एका ब्लॉकमध्ये दोन्ही पोर्ट चालत नाहीत." चालायचे नाहीत, पण ०.७.१४ व्हर्जनच्या आधी, तेव्हा एनक्रिप्शन चालू करणारं 'एसएसएल ऑन' अख्ख्या ब्लॉकलाच लागायचं. आता एकाच ब्लॉकमध्ये 'लिसन ८०' आणि खाली 'लिसन ४४३ एसएसएल' लिहायचं, सर्टिफिकेट आणि त्याच्या प्रायव्हेट की च्या ओळी टाकायच्या, बास. ती जुनी 'एसएसएल ऑन' ओळ तर १.२५.१ मध्ये काढूनच टाकलीय, त्यामुळे कुठला तरी जुना ब्लॉक उचलून चिकटवलात तर कॉन्फिग टेस्टमध्येच एरर येणार.

"एकाच ब्लॉकमध्ये पीएचपीला रिक्वेस्ट एचटीटीपीएसवरून आली का ते कळत नाही." अहो, डॉलर एचटीटीपीएस नावाचं व्हेरिएबल आहे की, एसएसएल असेल तर 'ऑन', नाहीतर रिकामं, आणि इंजिनएक्ससोबत येणाऱ्या, पीएचपीला माहिती पुरवणाऱ्या फास्टसीजीआय पॅराम्सच्या फाईलमध्ये ते आधीच लिहिलेलं असतं. पुढे लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरवर वाटणारी यंत्रणा) एसएसएल सोडवत असेल तर ते रिकामंच येईल हे खरं, पण तिथे दोन ब्लॉक करूनही काय फरक पडणारे?

"कॉमन ओळी वेगळ्या फाईलमध्ये ठेवून इन्क्लूडने जोडल्या तर सर्व्हर स्लो होतो." नाही होत. कॉन्फिग सुरू होताना आणि रीलोडला वाचला जातो, रिक्वेस्टला नाही. बहुतेक अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेसशी गल्लत झालीय, ती फोल्डरमधली सेटिंग फाईल मात्र दर रिक्वेस्टला वाचली जाते. अपाचेत एसएसएल इंजिन ऑन अख्ख्या व्हर्च्युअल होस्टला (तिथला सर्व्हर ब्लॉक) लागतं म्हणून तिथे दोन होस्ट करावे लागतात, मान्य, पण त्यातला कॉमन भाग एका फाईलमध्ये ठेवून दोन्हीकडे इन्क्लूड करता येतो, नाहीतर एकदा लिहून पुन्हा वापरायला मॉड मॅक्रो हे मॉड्यूल आहेच.

"दोन कॉपी म्हणजे सेफ, एक बिघडली तर दुसरी चालते." हे सगळ्यात डेंजर. सिंटॅक्स चुकला तर अख्खा कॉन्फिगच रिजेक्ट होतो, दुसरी कॉपी कुठून चालणार. उलट घोळ असा होतो की डॉट गिट (कोडची हिस्टरी असलेलं) फोल्डर बंद करायची ओळ कुणीतरी घाईत ४४३ च्या ब्लॉकमध्ये टाकतं, ८० वाला तसाच राहतो, आणि साध्या एचटीटीपीवरून सगळा सोर्स कोड उघडा, ब्राउझरमध्ये मात्र आपण एचटीटीपीएसच तपासत बसतो.

आणि सगळी साईट एचटीटीपीएसवरच न्यायची असेल तर ८० चा वेगळा ब्लॉक ठेवून त्यात ३०१ (कायमच्या) रीडायरेक्टची एक ओळ पुरते. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या रिन्यूअलचीही काळजी नको, त्यांचा डोमेन तपासणारा एचटीटीपी चॅलेंज रीडायरेक्टच्या मागे ४४३ वर जातो.