शेजार नकाशातच आखावा लागतो

मुंबईतल्या बीडीडी या जुन्या कामगार चाळींच्या जागी चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्याही मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे, आणि त्याहीपेक्षा सामायिक संडासाच्या रांगेतून सुटणे म्हणजे काय, हे चाळीत संसार केलेल्या बायकांना विचारावे. चाळीचे गोडवे गाऊन टॉवरला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र चाळीतला शेजार केवळ माणसांच्या चांगुलपणातून आला नव्हता, तो नकाशातून आला होता. मधोमध मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना असल्यामुळे शेजाऱ्यांच्या उघड्या दारांवरून गेल्याशिवाय कोणालाही घराबाहेर पडता येत नसे. नव्या इमारतींमध्ये सहसा लिफ्टचे दार उघडले की चार पावलांवर आपले दार असते आणि भेटीगाठींची जबाबदारी पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या) बागेवर किंवा क्लबहाउसवर टाकलेली असते. तिथे मुद्दाम जावे लागते, आणि दिवसभर कामावरून दमून आलेला माणूस मुद्दाम कुठे जात नाही.

उंच इमारतीत हे साधतच नाही, असे नाही. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींमध्ये तळमजला मोकळा सोडतात. तिथे लग्ने होतात, अंत्यविधी होतात, म्हातारी माणसे बसतात. (आपल्याकडे ती जागा बहुधा गाड्यांना मिळते.) तिथल्याच डक्स्टनच्या पन्नास मजली सात इमारती सव्विसाव्या आणि पन्नासाव्या मजल्यांवर पुलांनी जोडलेल्या आहेत.

जागेचे भान म्हणाल, तर मुंबईतच कुंबाला हिलवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची १९८३ मध्ये पूर्ण झालेली कांचनजंगा ही इमारत आहे. या शहरात वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तापते ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याप्रमाणे घरांच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. ती घरे श्रीमंतांची आणि गच्च्या खासगी, हे खरे. तरीही दर चार-पाच मजल्यांमागे लिफ्टच्या वाटेवरच असा एक सामायिक व्हरांडा कामगारांच्या टॉवरला का मिळू नये? रिफ्यूज एरियाकडे बोट दाखवून चालणार नाही, कारण आगीच्या वेळी आसरा घेण्याची ती जागा रिकामीच राहिली पाहिजे.

विक्रीयोग्य क्षेत्रफळ घटते, हा विकासकाचा आक्षेप मी समजू शकतो. अशा व्हरांड्याला एफएसआयमधून (भूखंडावर किती बांधता येईल, त्या मर्यादेतून) सूट द्यावी आणि तो कधीही बंदिस्त करता येणार नाही, अशी अट घालावी. देखभालीचा खर्च वाढेल, तो मजल्यांनी वाटून घ्यावा.

पुनर्विकासाच्या सभांमध्ये रहिवासी कार्पेट एरिया, भाडे आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा निधी) यांवर तासन् तास बोलतात, ते रास्तच आहे. त्याच सभेत मजल्याचा नकाशाही मागावा आणि लिफ्टपासून दारापर्यंतची वाट किती रुंद आहे, तिथे उजेड-वारा कुठून येतो, दोन खुर्च्या टाकायला जागा आहे का, हे सह्या करण्यापूर्वीच विचारावे.