गेला की लगेच फॅन!

माणूस गेला रे गेला की हे सगळे जन्मापासूनचे फॅन कुठून उगवतात? २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकन रॉक गायक ॲलेक्स चिल्टन गेला, अवघ्या ५९ व्या वर्षी. २०१३ मध्ये लू रीड, २०२३ मध्ये टॉम व्हर्लेन, हेही रॉकवालेच. दर वेळी तेच, ‘एक पर्व संपलं’. कसलं पर्व, कपाळ! चिल्टनच्या ‘बिग स्टार’ या बँडची पहिली रेकॉर्ड १९७२ ची. समीक्षकांनी डोक्यावर घेतली, पण वितरणाच्या घोळात दुकानांत धड पोचलीच नाही. जिवंतपणी रेकॉर्ड मिळेना, मेल्यावर हार मात्र तयार. (मीही त्याला उशिराच ऐकलं, पण निदान ऐकलं तरी.) आमच्या एका बहाद्दराने तर श्रद्धांजलीला भलत्याच गायकाचा फोटो लावला. तोही चांगला हिंडताफिरता!