चिंच लावू नका, पैसे भरू नका
हर्णैच्या आत्याचा सकाळी सकाळी फोन: "आजोबांचा बिल्ला लखलखीत केलाय रे, 2,100 कुठे भरायचे तेवढं सांग." म्हणजे तो फॉरवर्ड तिच्यापर्यंतही पोचला. ‘राजाचं डोकं असलेलं गोल पदक म्हणजे जीव वाचवल्याबद्दलचं अल्बर्ट मेडल. त्यात सोनं असतं. चकचकीत करा, रिझर्व्ह बँकेत नोंदणी फी भरा, लंडनला कुरियर करा, 50 लाख मिळवा.’

अल्बर्ट मेडल मुळात गोल नाही, लंबगोल असतं. राजाचं डोकं असलेली गोल पदकं आपल्याकडे निघतात ती बहुतेक दोन महायुद्धांची. पहिल्या महायुद्धाचं एकाच प्रकारचं चांदीचं पदक 60 लाखांहून जास्त जणांना वाटलं होतं.

आत्याचं मात्र खरंच जीवरक्षक निघालं. रॉयल ह्युमेन सोसायटीचं (जीव वाचवणाऱ्यांना गौरवणारी ब्रिटिश संस्था), ब्राँझ, सोन्याचा कण नाही. राजाही नाही, विझलेल्या मशालीवर फुंकर घालणारं नागडं पोर, वर लॅटिन ओळ: ठिणगी दडलेली असेलही. यात कोणाला वाचवलं ते काठावर कोरत नाहीत, वाचवणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरतात. सगळी किंमत त्या दोन-तीन मिलिमीटरच्या काठात. आणि आत्यानं चिंच, राख नि काथ्या घेऊन नेमका तोच काठ तासभर घासला! शंभर वर्षांचा काळपटपणा गेला, सोबत अक्षरंही. आमच्या घरातली समई नव्हे ती.

नाव शाबूत असेल, प्रशस्तिपत्र असेल, तर हौशी संग्राहक बरे पैसे देतात, हे मान्य. फीचं काय? जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. पदक तर नाणंही नाही. लंडनच्या कुरियरचं तर बोलूच नका: शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही.

संध्याकाळी दापोलीहून गाडी काढली. टॉर्च तिरपा धरून काठ बघितला. ‘ऑग’, म्हणजे ऑगस्ट, एवढं लागलं, पुढचं सपाट.

"नाव मला पाठ आहे रे," आत्या म्हणाली. "साल तेवढं गेलं."

साल नाही तर सोसायटीच्या दप्तरात शोधायचं कुठल्या वहीत?