डोंगरावर जायचं तर मुक्कामाला जा

आमच्या चुलतभावांच्या ग्रुपवर परवा रात्री तो मेसेज पुन्हा पडला. ‘पोळा झाला की महाबळेश्वर. फिक्स. कोण कोण?’ पाच मिनिटांत अकरा अंगठे वर. माझा काही उठला नाही. सकाळी दुकानाचं कुलूप काढायच्या आत धाकट्याचा फोन, “दादा, तू कामून गप?”

त्याला म्हणलं, लिहूनच टाकतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या हीच चर्चा चालू असणार. खरीप पेरून झालं, सोयाबीनवरच्या फवारण्या उरकल्या, काढणीला अजून महिना-दीड महिना. माझं बी-बियाणांचं दुकान. आम्हा मोंढ्यातल्या लोकांना श्वास घ्यायला वर्षात हेच काय ते दिवस मिळतात.

तर तीन वर्षांमागं आम्ही हे ‘फिक्स’ करून बघितलं आहे. शुक्रवारी रात्री नऊला शटर ओढलं आणि दोन गाड्या निघाल्या. परभणी ते महाबळेश्वर अंतर पाचशेच्या घरात. बीड, नगर, पुणे असं करत, चहाला थांबत, पसरणीच्या घाटात लेकरांच्या उलट्या निस्तरत शनिवारी सकाळी साडेनऊला पोचलो. खोली बाराला मिळणार होती. मिळाली ती जनरेटरच्या खिडकीची. पाऊस असा की आर्थर सीटला आम्ही सगळ्यांनी मिळून एक पांढरी भिंत बघितली आणि तिच्यापुढं फोटो काढले. वहिनीच्या डोक्यात पहिल्यापासून एकच गोष्ट, स्ट्रॉबेरी विथ क्रीम. आता ऑगस्टात कुठली आली स्ट्रॉबेरी, तो हिवाळ्याचा माल. जॅमच्या बाटल्या घेऊन तिची समजूत काढली. रविवारी सकाळी अकराला उलटे निघालो, कारण सोमवारी दुकान. घरी आलो रात्री साडेअकराला. हिशेब मांडा. साडेपन्नास तासांची सहल, त्यातले पंचवीस गाडीत. उरलेल्यातले निम्मे झोपेत आणि रांगेत. धाकटा दुसऱ्या दिवशी काउंटरवरच घोरत होता.

यात महाबळेश्वरचा दोष नाही, जागा सुंदरच आहे. पण ते गाव वसलंच मुळी मुंबईच्या साहेबांसाठी. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं तिथं हवा खायची सोय केली, म्हणून जुन्या पेठेचं नाव माल्कमपेठ. पुण्याहून ते सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. पुणेकर शनिवारी पोहे खाऊन निघतो आणि जेवायला वर असतो. त्याचा वीकेंड आपण उसना घेतो आणि आपल्या अंगाला बसत नाही म्हणून रडतो. आपल्याला तिथं जायचं तर चार दिवस काढा, हिवाळ्यात जा, खुशाल जा. शनिवार-रविवारात मात्र नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आपण. डोंगर म्हणलं की मात्र थेट सातारा जिल्हा. मध्ये काही दिसतच नाही.

संभाजीनगरकडं, खुलताबादच्या वर म्हैसमाळचा डोंगर आहे. त्याचं नाव मी ग्रुपवर काढलं की ठरलेलं उत्तर येतं, “तिथं आहे काय?” म्हणून आधी आकडा सांगतो. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर, म्हणजे साडेतीन हजार फूट. माथेरान आठशे मीटरच्या आसपास. लोणावळा त्याहून खाली. आपला डोंगर या दोन्हींपेक्षा उंच आहे, हे मी सांगितलं तेव्हा भाऊजींनी फोन काढून तपासलं आणि मग विषय बदलला.

मग तो उंच वाटत का नाही? कारण माथेरानच्या पायाशी कोकण आहे, जवळजवळ समुद्रसपाटी, म्हणून कड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. आपलं पठार मुळातच उंचावर. संभाजीनगर शहरच साडेपाचशे मीटरच्या वर आहे. म्हणजे म्हैसमाळ चढताना आपण अर्धा जिना आधीच चढून आलेलो असतो. दुसरं माझं आपलं मत. इकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. मुंबई इलाख्यात साहेबांनी डोंगरांवर बंगले बांधले, क्लब काढले, बाजार बसवला आणि त्याच्याभोवती गाव वाढलं. म्हैसमाळला तसं कुणी वसवलं नाही. गिरिजामातेचं देऊळ, अलीकडचं बालाजीचं मंदिर, दूरदर्शनचा मनोरा, थोडी हॉटेलं आणि बाकी सगळा माळ. बाजार शोधायला गेलेला माणूस अर्ध्या तासात कंटाळतो, आणि खाली येऊन सांगतो की तिथं काही नाही.

अजून एका गोष्टीनं त्या डोंगराचं नुकसान केलं आहे, ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ या बिरुदानं. ते ऐकून लोक मे महिन्यात थंड हवेला जातात. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, हा ढोबळ नियम. परभणी आणि म्हैसमाळात फरक साडेसहाशे मीटरचा धरा. म्हणजे फार तर चार अंश. परभणीत ४३ असेल तर वर ३९. एकोणचाळीसला थंड हवेचं ठिकाण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वर गवत वाळलेलं, झाडाला सावली नाही. मेमध्ये गेलात तर मला शिव्या द्याल.

पावसाळ्यात मात्र हाच डोंगर महाबळेश्वरापेक्षा सोयीचा. तिकडं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आपल्याकडं सगळा मिळून सात-साडेसातशे. म्हणजे म्हैसमाळला पाऊस येतो, जातो, ढग अंगावरून सरकतात आणि मधल्या वेळात तुम्ही बाहेर फिरू शकता. आयुष्यभर ज्या कमी पावसाच्या नावानं आपण बोटं मोडली, तो इथं तेवढा कामाला येतो. जुलै ते सप्टेंबर, बस.

आणि जायचं ते मुक्कामाला. सगळ्या पोस्टीत मला एवढंच सांगायचं होतं.

गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही घरचे सहा जण गेलो. बुधवारी. मी, बायको, दोन लेकरं, आई आणि मोठी काकू. काकूचं वय सत्तरीच्या पुढं. तिनं आदल्या रात्रीच दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या होत्या, बायकोनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. सकाळी सहाला निघालो, जालन्याला चहा, दौलताबादला किल्ल्याच्या तटातल्या त्या अरुंद दरवाजात पंधरा मिनिटं अडकलो. तिथून एका वेळी एकच मोठी गाडी निघते, शनिवार-रविवारी तर तासही मोडतो. मोठ्या लेकराला सांगितलं, १३२७ मध्ये तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली आणि काही वर्षांत परत नेली. ते म्हणालं, “म्हणजे काकांच्या ग्रुपसारखं?” पुढं खुलताबादचा घाट, तिथून बारा-तेरा किलोमीटर, आणि साडेबाराला वर.

दुपार सामान्यच गेली, खोटं कशाला सांगू. कड्याच्या जागी दहा-पंधरा गाड्या, एकीची दारं उघडी आणि आत ढणाढणा गाणी, गवतात कागदी प्लेटा. बुधवारी ही गत, तर रविवारी काय असेल. काकू म्हणाली, यासाठी एवढं लांब आणलंस होय रे.

साडेपाचला बदल सुरू झाला. एकेक गाडी खाली निघाली. रस्त्याकडेला एक बाई कणसं भाजत होती, तिचं शेवटचं गिऱ्हाईक आम्हीच. अर्धं लिंबू तिखटमिठात बुडवून ती कणसावर घासत होती, रेघ न सोडता, अगदी देठापर्यंत. पैसे घेऊन तिनं निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं, चर्र झालं, वाफ आणि धुकं एक झालं. आम्ही निघत नाही हे बघून म्हणाली, “रात्री हितं काहीच नसतं हो.” काकू म्हणाली, “बरंच झालं की मग.”

त्यानंतरचे बारा-चौदा तास ते गाव आमचं होतं. सातला धुकं एवढं दाटलं की समोरचा दिवा नुसता पिवळा डाग. बेडकं, वारा, ओल्या गवताचा वास. नऊला अचानक सगळं स्वच्छ झालं आणि खाली खेड्यांचे दिवे, इथं चार, तिथं दहा. लेकरांनी ते मोजायला घेतले. माझ्या फोनला रेंज नव्हती. शेजारी एवढा मनोरा उभा आणि रेंज नाही, यावर बायको बराच वेळ हसत होती.

काकू दोन गोधड्या घेऊन व्हरांड्यात बसली होती. आपणहून बोलली. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी सून. तलावाच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. “डोंगर म्हणलं की मला खडीच आठवते,” म्हणाली. “नाहीतर देव. तुळजापूरला गेले, माहूरला गेले, येरमाळ्याला गेले. दर्शन घेतलं की खाली. नुसतं बसायला कधी आले नव्हते.” आणि बसूनच राहिली, दहापर्यंत. आईनं दोनदा आत बोलावलं, तिला ‘हो’ म्हणाली, उठली नाही.

सकाळी देवळाकडं चालत गेलो तर उतारावर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा, पाऊल ठेवायला जागा नाही. कड्यावर तासभर ढग. मग दोनच मिनिटं फाटले, खाली मक्याचे आणि कपाशीचे चौकोन, आणि परत बंद. दहापर्यंत सगळं आटोपून, पहिल्या गाड्या वर यायच्या वेळी आम्ही खाली उतरत होतो. वाटेत भद्रा मारुती. निजलेला मारुती लेकरांनी पहिल्यांदाच बघितला आणि त्याला उठवायचं कसं यावर त्यांचं भांडण झालं. मग वेरूळ. रात्री दहाच्या आत परभणी.

तुम्हाला जायचं असेल तर दिवस नीट निवडा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी, श्रावणातल्या शनिवारी तर विचारूच नका. आम्हा दुकानदारांना मधला वार जमतो, नोकरीवाल्यांनी एक रजा टाकावी. अगदीच शनिवार-रविवार असेल तर शनिवारी दुपारी चारनंतर चढा आणि रविवारी दहाच्या आत उतरा, म्हणजे सगळे वर असतील तेव्हा तुम्ही वेरुळात असाल. खोल्या मोजक्या आहेत, आधी फोन करून ठेवा. रोख पैसे खिशात असू द्या. पेट्रोल खालीच भरा. जेवण साधं आहे, आमच्या हॉटेलात गरम पाणी अर्धी बादलीच मिळालं आणि रात्री दीड तास लाईट नव्हती. काकूनं तेवढ्यात भुताची एक गोष्ट सांगून घेतली.

म्हैसमाळच पाहिजे असा माझा हट्ट नाही. हिंगोलीकडच्यांना चिखलदरा परवडेल. विदर्भात असलं तरी अकराशे मीटरवर आहे आणि वाट पुण्याएवढी रडवत नाही. लातूर-बीडवाल्यांनी अंबाजोगाईला एक रात्र राहून बघावं. योगेश्वरीचं दर्शन घेऊन दुपारी परतणारे सगळेच, मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत संध्याकाळी उतरणारे थोडे. नांदेडकरांना तर माहूर हाताशी. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया, तीन डोंगर आणि सभोवती सागाचं जंगल. आपण तिथं रांगेत उभे राहतो, तांबूल घेतो आणि परतीची एसटी धरतो. दत्त महाराजांचं बघा. म्हणतात, स्नानाला काशी, भिक्षेला कोल्हापूर आणि निजायला माहूर. मुक्कामाला कुठं जावं हे त्यांना बरोबर कळलं होतं.

एवढं सगळं आज सकाळी ग्रुपवर टाकलं. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग अकरापैकी चार अंगठे इकडं सरकले. धाकटा म्हणाला, विचार करू. भाऊजी म्हणाले, उंचीचं ठीक आहे, पण बोटिंग आहे का. शेवटी वहिनीचा मेसेज आला, “भाऊजी, तिथं स्ट्रॉबेरी मिळते का?”

नाही मिळत वहिनी. सीताफळं मिळतात, तीही खाली दौलताबादला.