भुईमुगाचं बी घरचंच राहतं

खरीप जवळ आला की भुईमुगाबद्दलचा एक संदेश ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "सुधारित वाण म्हणजे कंपन्यांचं संकरित बियाणं. दरवर्षी विकत घ्यावं लागतं, पाण्याशिवाय येत नाही, किरणं मारून नि जनुकं घुसडून बनवलेलं असतं. कोरडवाहू शेतकऱ्यानं जुना देशी भुईमूगच धरावा." हे वाचून कुणी यंदा चांगलं बी नाकारलं, तर नुकसान त्याच्या घरात होणार. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दरवर्षी विकत घ्यावं लागतं." साफ चूक. भुईमुगाचं फूल उमलतं त्याच सुमारास आतल्या आत फळतं, मग आरी, म्हणजे टोकाला शेंग धरणारा देठ, जमिनीत शिरते. परपराग जवळजवळ येतच नाही. म्हणून या पिकात संकरित बियाणं करणं परवडत नाही; जे मिळतं ते सरळ वाणांचं. आपल्याच शेतातल्या भरीव शेंगा निवडून, नीट वाळवून, न फोडता ठेवल्या तर पुढच्या सालीही तोच वाण उगवतो. कंपन्या या पिकाकडे फारशा फिरकत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच. दुसरं कारण बियाण्याचं वजन. हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो दाणे पेरावे लागतात आणि किलोमागे परत येतं ते दहा-पंधरा किलोच्या आसपास. त्यामुळे चांगला वाण मंजूर होऊनही बांधापर्यंत यायला वर्षं जातात. राग धरायचाच तर याचा धरावा. पुरेसं बियाणं तयारच होत नाही, आणि त्याबद्दल त्या संदेशात एक ओळ नाही.

"जुना तो देशी." भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेरलेला टीएमव्ही-२ हा १९४० साली तमिळनाडूतल्या तिंडिवनमच्या केंद्रातून आला. आपला फुले प्रगती, म्हणजे जेएल-२४, जळगावला निवडला गेला तोही तैवानहून आलेल्या बियाण्यातून. जुने वाणसुद्धा कुणीतरी डोळसपणे निवडलेलेच आहेत.

"पाण्याशिवाय येत नाही." अनंतपूर हा देशातल्या सर्वांत कमी पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत तयार झालेला आयसीजीव्ही ९१११४ तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्याच रानात पेरून पाहिला आणि २००६ साली तो प्रसारित झाला. तो ९०-९५ दिवसांत काढणीला येतो, पावसानं मध्ये उघडीप दिली तरी तग धरतो आणि त्याचा पाला जनावरांना चांगला चारा होतो. लवकर येणारा वाण हंगामाच्या शेवटी पडणाऱ्या पाण्याच्या ताणातून सुटतो. कोरडवाहूत सगळं गणित तिथंच असतं.

"किरणं मारलेली." टीएजी-२४ हा भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाण. त्याच्या पूर्वजांच्या बियांना क्ष-किरण दिले गेले होते, कित्येक पिढ्यांपूर्वी. क्ष-किरणांनी बी किरणोत्सारी होत नाही. आपण छातीचा एक्स-रे काढून घरी येतो, तसंच.

"जनुकं घुसडलेली." जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेला, भुईमूग भारतात लागवडीला मंजूरच नाही. पानांवरच्या टिक्का आणि तांबेरा या रोगांना तोंड देणारा धारवाडचा जीपीबीडी-४ हा साध्या संकरातून निवडलेला सरळ वाण आहे. त्याची ताकद दक्षिण अमेरिकेतल्या अराकिस कार्डेनासी या रानटी भुईमुगाकडून आली आहे. पुढे शास्त्रज्ञांनी जीपीबीडी-४ मधला तांबेऱ्याचा प्रतिकार जेएल-२४, टीएजी-२४ आणि आयसीजीव्ही ९१११४ मध्ये उतरवला, तोही संकर करूनच. प्रयोगशाळेत फक्त कुठल्या रोपात तो गुण आला आहे ते तपासलं.

आता नव्या वाणांच्या मर्यादाही सांगतो. प्रत्येक नवा वाण प्रत्येक रानात चालत नाही. आपला जेएल-२४ आफ्रिकेतल्या मलावीत 'काकोमा' नावानं दिला गेला. तो तिथं लवकर येतो, पण मावा किडीतून पसरणाऱ्या रोझेट रोगाला बळी पडतो. या रोगानं १९७५ साली नायजेरियात सुमारे सात लाख हेक्टरवरचं पीक झोपवलं होतं. आणि दाण्यात अफलाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी पूर्णपणे रोखणारा वाण अजून कुणाकडेच नाही. तिथं शेंगा वेळेवर काढून कडक वाळवणं हाच उपाय.

म्हणून सगळं रान एकदम बदलू नका. जुन्या वाणाशेजारी नव्याच्या चार ओळी टाका, आणि काढणीला दोन्हींची दहा-दहा झाडं उपटून शेंगा मोजा.