दहाच्या आत माणसं आहेत म्हणून सुटलात असं समजू नका

मी गोव्यात फोंड्याला छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब, जीएसटी, पीएफ-ईएसआय असलं काम बघतो, त्यामुळे हा प्रश्न कोण ना कोण विचारतोच. "आमच्याकडे दहाच्या आत माणसं आहेत, मग कामगारांचा विमाबिमा काय लागत नाही ना?" विचारणारा कधी वेल्डिंगवाला असतो, कधी बेकरीवाला, कधी दोन-चार बंगले बांधणारा कॉन्ट्रॅक्टर. त्याला 'नाही' हेच ऐकायचं असतं, आणि खरं सांगायचं तर कायद्याने ते उत्तर अर्धं बरोबरपण आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट.

आधी सक्ती कुठे आहे ते बघू. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा. दहा किंवा जास्त माणसं झाली की लागू, महिना २१,००० पर्यंत पगार असलेले सगळे त्यात येतात, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. कामावर हात-पाय मोडला तर बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, मेला तर घरच्यांना पेन्शन, आणि हे ईएसआयने दिलं की मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. म्हणजे मालकाच्या डोक्यावरचा भार त्या ३.२५ टक्क्यांत उतरतो. पण आमचे लोक काय करतात, रजिस्टरवर नऊच ठेवतात. कारण एकदा ईएसआय लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटका नसते, हे सगळ्यांना बरोबर माहीत असतं. दहावा माणूस मग 'भाच्याला मदतीला बोलावलाय' असा असतो.

आता खाली नऊ असोत नाहीतर एक असो, १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा पहिल्या माणसापासून लागतो. त्याला दहाचा आकडा माहीतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, पण गाभा तोच आहे, उलट आता घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातसुद्धा कामाशी संबंध दिसला तर धरला जातो, आणि आमच्याकडे निम्मे कामगार स्कूटरवर ट्रिपल सीट येतात हे काय मी सांगायला नको.

पैसे किती, तर हिशेब करून बघा. मेलेल्या कामगाराच्या महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर. हिशेबासाठी पगार २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा फॅक्टर २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५०. जिवंत राहिला पण कायमचा निकामी झाला तर ५० च्या जागी ६० टक्के, वर हॉस्पिटलचा खर्च वेगळा. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उगाच टाळाटाळ केली असं दिसलं तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. हे फोंड्यातल्या चार माणसांच्या वर्कशॉपवाल्याने कुठून आणायचे सांगा, लेथ विकून?

आणि गंमत बघा, इतकी मोठी जबाबदारी टाकणारा कायदा 'विमा काढा' असं कुठेच म्हणत नाही. ग्रॅच्युइटीसाठी सक्तीच्या विम्याचं कलम आहे. माणूस नोकरी सोडून जाताना मिळणाऱ्या पैशाची कायद्याला काळजी, स्लॅबवरून पडून मेलेल्याची नाही. स्कूटरला थर्ड पार्टी विमा नसेल तर पोलीस चलन फाडतो, पण परांचीवर उभं राहून तिसऱ्या मजल्याचं प्लास्टर करणाऱ्या माणसामागे विमा आहे का हे कोणी विचारत नाही. ईएसआयची सक्ती मोठ्यांवर, ज्यांच्याकडे पैसे तरी असतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मोकळीक. माझ्या मते हे साफ उलटं आहे.

बाहेर कसं आहे? आमच्या गोव्याची किती माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामात राबतात. तिथे १९६९ चा कायदा आहे, घरच्याच लोकांना घेऊन चालवलेले धंदे वगैरे थोडे अपवाद सोडले तर एक नोकर ठेवला तरी विमा सक्तीचा, किमान ५० लाख पौंडांचा, आणि नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. सर्टिफिकेट कामगारांना बघता येईल असं ठेवावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, टेक्सासमध्ये खासगी मालकाला सक्तीच नाही, पण फ्लोरिडा बघा. तिथे साध्या धंद्याला चार माणसांपासून सक्ती, बांधकामाला एका माणसापासून. धोका जास्त तिथे आकडा खाली, इतकं साधं.

आमच्याकडे अपघात झाला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जखमीला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतात, कॉन्ट्रॅक्टर पन्नास हजार हातावर ठेवतो, एक कागद सही करून घेतो, 'बाहेरची माणसं, गावाला निघून जातील' म्हणतो. तो कागद काही कामाचा नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानतच नाही, आणि मृत्यूची रक्कम तर भरपाईच्या केसेस बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेली धरत नाहीत. शिवाय मेलेल्याची बायको झारखंडच्या आपल्या गावात बसून तिथल्याच अधिकाऱ्याकडे केस घालू शकते. मग तारखांना तिकडे जा.

दुसरी पळवाट, 'दारू प्यायला होता'. साध्या दुखापतीत चालेल कदाचित. मेला किंवा कायमचा निकामी झाला तर नाही चालत. 'रोजावरचा होता, माझा कामगार नव्हता' हे पण जुनं झालं. सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये एका सुताराची केस निकालात काढली होती, सिनेमा थिएटरात काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला हा माझा माणूसच नव्हे, कॉन्ट्रॅक्टर होता. कोर्टाने ऐकलं नाही, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून पूर्ण निकामी धरला.

काही जण म्हणतात आम्ही बांधकामावर १ टक्का सेस भरतो, त्यात आलं सगळं. नाही आलं. तो पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याण बोर्डाकडे जातो, आणि बोर्डाचा फायदा नोंदणी केलेल्या कामगारालाच मिळतो. चवथीच्या आधी पंधरा दिवस रंग मारायला आणलेल्या पोराची नोंदणी कोणी केली?

आता या भरपाईसाठी विम्याची पॉलिसी ज्यांनी काढलीय त्यांनीपण एकदा कागद उघडून वाचावा. पॉलिसी चार माणसांची आणि साइटवर चौदा, हा तर नेहमीचाच प्रकार, प्रीमियम पगाराच्या बेरजेवर असतो म्हणून पगार कमी दाखवायचा. क्लेमच्या वेळी कंपनी तेच पकडते. कामाचा प्रकार 'दुकान' लिहिलाय आणि माणूस पत्र्यावर चढलेला, हेपण बघितलंय. हॉस्पिटलचा खर्च बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. दंड कंपनी भरत नाही. आणि ईएसआयवाल्यांनो, तुमचा २२,००० वाला सुपरवायझर ईएसआयमध्ये नाही, तो १९२३ वाल्या हिशेबात आहे, त्याचं काय केलंय?

यावर नेहमीचं उत्तर येणार, आधीच धंद्यात काही राहत नाही, अजून एक खर्च कशाला. पण विम्याचा खर्च दर वर्षी थोडा थोडा आणि आधीच ठरलेला, तो घराच्या दरात धरता येतो. पंधरा लाख कशात धरणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बांधकामाच्या लायसन्सच्या फाइलीत कॉन्ट्रॅक्टरच्या पॉलिसीची कॉपी लागलीच पाहिजे. पॉलिसी नाही तर लायसन्स नाही. नियम सरकारलाच करावा लागेल, पंचायतीच्या हातात तेवढं नाही, पण ठराव तरी करता येतो. येत्या ग्रामसभेत मी तो मांडणार आहे. विरोध कोण करणार तेपण माहीत आहे, त्यातले काही माझेच क्लायंट आहेत आणि ही पोस्टसुद्धा वाचत असतील.